विश्लेषण : डिफरन्शियलची गळती नवे पॅकिंग टाकूनही का थांबत नाही?

ऊस हंगामात अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्यासारख्या कारखान्यांकडे शेतातून ऊस नेताना जुन्या ट्रकांची खरी परीक्षा होते. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२ वर, गोदावरीकाठच्या शहागड परिसरातही ट्रकच्या मागच्या चाकांमधील गोल डब्याखाली ऑइलचा डाग दिसला, की ‘पॅकिंग गेले’ असे निदान होते. पॅकिंग बदलले जाते आणि काही दिवसांत डाग परत येतो. असे का होते?

डिफरन्शियलचे काम काय?

इंजिनची ताकद जॉइंटमधून मागच्या ॲक्सलला मिळते. तिथे पिनियन क्राउनला फिरवतो आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम डिफरन्शियल करते. या दात्यांवर प्रचंड दाब येतो. त्यामुळे त्यांना इंजिनचे नव्हे, तर ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० यांसारखे जाड गिअर ऑइल लागते. नेमके कोणते, ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. हे ऑइल आत रोखण्याचे काम पॅकिंग आणि ऑइल सील करतात.

मग खरा दोषी कोण?

पॅकिंग झिजते, कडक होते, हे खरेच. पण अनेकदा दोष हाउसिंगवरील ब्रीदर या छोट्या वस्तूचा असतो. गाडी चालली की आतली हवा तापते. ती ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि बाहेर पडायला वाट नसेल, तर तिचा दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. ब्रीदर ही वाट देतो. काळ्या रानातला चिखल आणि पांदीची धूळ बसून तो बंद झाला, की दाब ऑइलला सर्वांत कमकुवत जागेतून बाहेर ढकलतो. नवे पॅकिंगही मग किती टिकणार?

दुसरे कारण म्हणजे ‘जास्त असलेले बरे’ म्हणून भरलेले ऑइल. गाडी सपाट जागेवर उभी असताना ऑइल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेला टेकले, की पुरेसे. ढिले बोल्ट, खरवडलेला किंवा वाकलेला पृष्ठभाग ही इतर कारणे.

गळती नेमकी कुठून, हे कसे ओळखावे?

हाउसिंग स्वच्छ धुऊन कोरडे करावे, सांध्यांवर टाल्कम पावडर मारावी आणि थोडी फेरी मारून यावी. ओली रेघ जिथून निघते, ती खरी जागा. जॉइंटच्या तोंडाशी ओल असेल तर पिनियन सील तपासावे. फ्लँजवर सीलने खाच पाडली असेल, तर नुसते नवे सील टिकत नाही. चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर ओघळ असतील, तर हबचे सील गेलेले असण्याची शक्यता मोठी.

ही गळती धोक्याची का?

हबमधून निघालेले ऑइल ब्रेक ड्रममध्ये जाते. एका बाजूचे लायनर भिजले, की त्या चाकाचा ब्रेक कमी लागतो आणि भरलेली गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाते. लायनर ऑइल शोषून घेते. म्हणून पेट्रोलने पुसून भागत नाही, ते बदलावेच लागते. दुसरीकडे, पातळी घटत गेली तर क्राउन-पिनियन आणि बेअरिंग तापून निकामी होतात. थोड्या पैशांच्या पॅकिंगची टाळाटाळ ऐन हंगामात गाडी उभी करते.

दुरुस्तीत काय चुकते?

सर्वांत मोठी चूक म्हणजे जुन्या पॅकिंगवरच सिलिकॉन थापणे. जादा सिलिकॉन आत तुटून ऑइलच्या वाटेत अडकू शकते. ऑइल काढून, ॲक्सल शाफ्ट आणि जॉइंट सोडवून, डिफरन्शियल खाली घ्यावे. ते फार जड असते. चाकांना ओट लावून, ॲक्सल भक्कम स्टँडवर टेकवूनच हे काम करावे, केवळ जॅकच्या भरवशावर नाही. पृष्ठभाग खरवडताना चरे पडू देऊ नयेत. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने आवळावेत. काही बनावटींत पिनियनखालच्या शिम पॅकिंगसारख्या दिसतात. त्यांची जाडी बदलली, की दात्यांची बसणूक बिघडते. शेवटी ब्रीदर साफ करावा किंवा नवा टाकावा.

जबाबदारी कोणाची?

आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाला दरवर्षी तंदुरुस्ती प्रमाणपत्र घ्यावे लागते. मात्र वर्षातून एकदाची तपासणी रोजची गळती थांबवू शकत नाही. ड्रायव्हरने डाग सांगायचा, मालकाने ‘हंगाम संपू दे’ म्हणून तो पुढे ढकलायचा आणि मेकॅनिकला ‘दोन तासांत उरक’ म्हणायचे, ही रीत बदलायला हवी. काढलेले ऑइलही नाल्यात न ओतता डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे द्यायला हवे. शहागडला गोदावरी दूर नाही. कमी झालेले ऑइल रोज भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी कारण शोधावे, मग पॅकिंग बदलावे. हंगामाआधी त्यासाठी दिलेला एक दिवस हंगामातले अनेक दिवस वाचवू शकतो आणि कदाचित एखादा जीवही.