किडनी बदलली, आता हाडे सांभाळा



भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर, नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ साली किडनी प्रत्यारोपण सुरू झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून यासाठी मिळणारी मदत २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. विडी वळणाऱ्या, रोवणीला जाणाऱ्या कुटुंबांनाही त्यामुळे आशा वाटू लागली. पण ऑपरेशन झाले की संकट टळले, असे आपण समजतो. पुढचा धोका हाडांचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हाडे आधीच खचलेली असतात. निकामी किडनीमुळे ड जीवनसत्त्व शरीराच्या कामी येत नाही, रक्तात फॉस्फरस साचतो. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी, कणगीतून धान्य उपसावे तसे हाडांतले कॅल्शियम उपसतात. त्यात नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडची गोळी देतात. तिच्यामुळे नवे हाड तयार होणे मंदावते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत जास्त होते. अशा वेळी न्हाणीत किंवा बांधीच्या धुऱ्यावर साधे घसरले तरी खुबा मोडू शकतो. कमावता माणूस खाटेवर पडला की घर बसते.

म्हणून काय करावे?

स्टिरॉइडची गोळी मनाने कधीही बंद करू नये. मोडलेले हाड जुळवता येते. गेलेली किडनी परत मिळणे कठीण.

हाडांची डेक्सा तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे. डेक्सा तपासणी एक्स-रेसारखीच, न दुखणारी असते. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत.

कंबर दुखली म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणू नये; त्या गोळ्या किडनीला मारक आहेत. जांघेत सतत दुखणे, पाठीत अचानक कळ येणे, उंची कमी होणे ही लक्षणे डॉक्टरांना लगेच सांगावीत.

डॉक्टरांची हरकत नसेल तर दूध, तीळ आणि काट्यासह खाता येणारी तलावातली लहान मासळी नीट शिजवून खावी. रोज चालावे. खर्रा, विडी, दारू यांना घरात थारा देऊ नये. तिन्ही हाडांच्या वैरी आहेत. न्हाणीतले शेवाळ घासून काढावे, रात्री दिवा ठेवावा.

किडनी देणारी बहुतेक वेळा घरातली माय किंवा बायकोच असते. तिचीही वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी, रक्ताची तपासणी करावी. तिने दिले म्हणून तिला विसरू नये.

विष्ठेत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले होते. आपल्या वस्तीतही असा रुग्ण असेल, तर त्याला तपासणीच्या दिवशी बसस्टँडपर्यंत हात धरून नेणे, हे आपले काम आहे.