विकलेल्या वस्तूची चावी कोणाकडे?

नवी पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आज वायफायचा बल्ब मिळतो, मोबाइलवर चालणारा प्लग मिळतो, दारावर लावायचा कॅमेरा मिळतो. दोन-तीन हजारांत काम होतं. घेणारे काही हौशी श्रीमंत नसतात. मुलगा पुण्यात किंवा दुबईत नोकरीला, घरी अम्मी-अब्बा दोघंच, म्हणून दारावर कॅमेरा. रात्री दुकानाकडे लक्ष राहावं म्हणून आणखी एक. मशिदीच्या टाकीची मोटर बंद करायला कोणीतरी हमखास विसरतं, म्हणून तिला स्मार्ट प्लग. २८ जानेवारी २०१६ ला केंद्राने स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरं जाहीर केली तेव्हा सोलापूर त्या यादीत नवव्या क्रमांकावर होतं. शहर किती स्मार्ट झालं यावर कट्ट्यावर वाद होतील. घरं मात्र गुपचूप झाली.

या वस्तू चालतात कशा, हे विकत घेताना कोणी विचारत नाही. आपण दिवाणखान्यात बसून मोबाइलवर बटण दाबतो तेव्हा, बहुतेक स्वस्त उपकरणांत, तो हुकूम सरळ समोरच्या बल्बकडे जात नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर सिंगापूरला असेल, नाहीतर चीनमध्ये किंवा अमेरिकेत. तिथे तपासलं जातं की हे खातं कोणाचं, हा बल्ब त्याच खात्यावर नोंदलेला आहे का, आणि खातं चालू आहे का. तिन्ही उत्तरं होकारार्थी आली की हुकूम परत सोलापूरला येतो आणि दिवा लागतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. खात्याच्या नोंदीत ‘चालू’चं ‘बंद’ करायला किती वेळ लागतो असं कोणी विचारलं, तर चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढाही लागत नाही. आणि ते करणारा माणूस आपल्याला कधी दिसणार नसतो.

हे नुसतं शक्य आहे असं नाही, घडलेलं आहे. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेत गॅरेजचं दार मोबाइलवरून उघडणारं ‘गॅरॅजेट’ नावाचं यंत्र घेतलेल्या एका गिऱ्हाइकाला अॅप चालवताना अडचण आली. तो भडकला. कंपनीच्या मदतीच्या पानावर वाईट भाषेत लिहिलं आणि अॅमेझॉनवर एक तारा देऊन वस्तू भंगार असल्याचं जाहीर केलं. कंपनीच्या संस्थापकाने उलट कळवलं की तुझ्या यंत्राला आमच्या सर्व्हरशी जोडू देणार नाही, वस्तू परत कर आणि पैसे घे. आरडाओरडा झाल्यावर त्याने बचाव केला की आम्ही यंत्राला हात लावलेला नाही, त्याचे भाग तसेच आहेत, आतलं सॉफ्टवेअरही तसंच आहे, फक्त आमचा सर्व्हर वापरायला नकार दिला आहे.

तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. वस्तू शाबूत राहिली, तिचा उपयोग तेवढा काढून घेतला गेला. आपल्याकडचे जुने व्यापारी ‘सौदा’ आणि ‘कब्जा’ हे दोन शब्द वेगळे वापरतात. सौदा ठरला, पैसे दिले, तरी कब्जा मिळेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं ते मानत नाहीत. या नव्या वस्तूंचा सौदा होतो, पावती मिळते, कब्जा मात्र विकणाऱ्याकडेच राहतो.

दुसरं प्रकरण मे २०२३ चं, आणि ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. अमेरिकेतल्या एका माणसाच्या दारात पार्सल ठेवून गेलेल्या डिलिव्हरीवाल्याने तक्रार केली की दारावरच्या बेलमधून आपल्याला वंशवाचक शिवी ऐकू आली. अॅमेझॉनने त्या ग्राहकाचं खातं गोठवलं. बोलून चालणारी त्याची अॅमेझॉनची उपकरणं त्याच खात्यावर होती, त्यामुळे आठवडाभर त्यांच्याशी त्याचा संबंध तुटला. त्याने कॅमेऱ्याचं चित्रीकरण तपासलं तर त्या वेळी घरात कोणीच नव्हतं. बेलने आपोआप ‘काय मदत करू?’ अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं होतं आणि कानात हेडफोन असलेल्या माणसाने भलतंच ऐकलं होतं. कंपनीलाही पुढे मान्य करावं लागलं की ग्राहकाचं काही चुकलेलं नव्हतं. म्हणजे आधी शिक्षा, मग चौकशी, आणि निर्दोष असल्याचा पुरावा आरोपीनेच आणून द्यायचा. हा क्रम आपल्या वाचकांना अगदीच अनोळखी नसावा.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने डिलिव्हरीवाला हिंदू नाही म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली. झोमॅटोने माणूस बदलून द्यायला आणि पैसे परत द्यायला नकार दिला, आणि अन्नाला धर्म नसतो असं जाहीरपणे सांगितलं. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी टाळ्या वाजवल्या. मग दिव्याच्या कंपनीने शिवीगाळ करणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं तर तक्रार कशाला? मदत केंद्रात फोन उचलणारी पोरं-पोरी आपल्याच घरातली असतात. दहा-बारा तास शिव्या ऐकून घरी येतात. त्यांना फोन ठेवून द्यायचा हक्क असायलाच हवा.

हवाच. पण या दोन गोष्टींत फरक आहे. कटकट्या गिऱ्हाइकाला ‘यापुढे माझ्या दुकानात येऊ नका’ असं दुकानदार म्हणू शकतो. त्या गिऱ्हाइकाने मागच्या वर्षी नेलेला पंखा त्याच्या घरात शिरून उतरवून आणू शकत नाही. झोमॅटोने ग्राहकाचा एक हट्ट नाकारला, त्याच्या घरात आधीपासून असलेली कोणतीही वस्तू बंद पाडली नाही. पुढची सेवा नाकारणं वेगळं आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू शिक्षा म्हणून मारणं वेगळं, ही रेघ आपल्याला धरून ठेवावी लागेल. ज्याला तोडलं तो माणूस आपल्याला आवडत नसेल तेव्हाही.

आता घरातल्याच दुसऱ्या एका सेवेकडे पाहा, जिच्या नावाने आपण रोज बोटं मोडतो: महावितरण. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी ग्राहकाला किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलच चुकीचं आहे असं ग्राहकाचं म्हणणं असेल, तर हरकत नोंदवून रक्कम भरता येते आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. वर तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. चोरी सापडली तर गोष्ट वेगळी. पण ग्राहक कार्यालयात येऊन भांडला, साहेबाला चार शब्द ऐकवले, समाजमाध्यमावर खातं टॅग करून वाभाडे काढले, म्हणून वीज तोडायची तरतूद कायद्यात कुठेही नाही. ‘उद्धट ग्राहक’ असा प्रकारच तिथे नाही.

ही नोटीस कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. वीज तुटली की घर थांबतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं म्हणून ती आली. महाराष्ट्रात स्मार्ट प्रीपेड मीटरवरून एवढा विरोध उसळला तोही याच धास्तीने: पैसे संपले की रात्री-बेरात्री कार्यालयातूनच वीज जाईल, खांबावर चढायला माणूसही यायला नको. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सामान्य ग्राहकांना असे मीटर लावणार नाही असं जाहीर करावं लागलं. मीटरच्या बाबतीत लोकांना जे लगेच कळलं, ते कुलूप आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत अजून कळायचं आहे. त्यांना आपण स्वतःहून घरात आणतो, कौतुकाने.

मोबाइलचंही तेच. हप्त्यावर घेतलेल्या फोनचा हप्ता चुकला की काही कर्जकंपन्या तो दुरून बंद करत असत. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे थांबवायला सांगितल्याच्या, आणि २०२५ मध्ये काही अटींवर परवानगी द्यायचा विचार सुरू असल्याच्या बातम्या आल्या. तिथे निदान कर्ज बाकी असतं. आपण बोलतोय ते पूर्ण पैसे फेडलेल्या वस्तूंबद्दल.

हा प्रश्न फक्त साध्या माणसांचा आहे असंही समजू नका. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. भारताने असे निर्बंध लादले नव्हते. तरी काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराचे ईमेल आणि टीम्स बंद केले. त्या सेवांचे पैसे भरलेले होते. कंपनी २८ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि ३० जुलैला सेवा परत सुरू झाल्या. गुजरातेत वाडीनारला अवाढव्य रिफायनरी चालवणाऱ्या कंपनीला आपला ईमेल मिळवायला उच्च न्यायालय गाठावं लागलं. विजापूर वेशीतल्या दुकानदाराचा कॅमेरा बंद पडला तर तो कोणाकडे जाणार?

जायला जागा आहे, आणि ती माहीत असणं गरजेचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात ‘अन्यायकारक करार’ अशी नवी व्याख्या आहे. वाजवी कारण नसताना एकाच बाजूला करार संपवण्याचा अधिकार देणारी अट त्यात स्पष्टपणे मोडते. अॅप उघडताना आपण ज्या चाळीस पानांवर न वाचता ‘मान्य’ दाबतो, त्यात बहुधा नेमकी हीच अट असते की कंपनी केव्हाही, कोणत्याही कारणाने सेवा थांबवू शकेल. मान्य दाबलं म्हणून ती अट आपोआप कायदेशीर ठरत नाही.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला आहे की आणखी कुठे, याने अडत नाही. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो. वाद लवादाकडेच नेला पाहिजे असं करारात लिहिलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून केली तरी चालते.

पण एक खोच आहे. सेवेतली त्रुटी जिल्हा आयोग पाहू शकतो. करारातली अट अन्यायकारक म्हणून रद्द करायचा अधिकार मात्र कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगालाच दिला आहे. तीन हजारांच्या कॅमेऱ्यासाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाईल? बिल्डरच्या कोट्यवधींच्या करारासाठी ही रचना ठीक असेल, अॅपच्या करारासाठी ती निरुपयोगी आहे. हा अधिकार जिल्हा आयोगाला मिळायला हवा. आणि इंटरनेटवर चालणाऱ्या घरगुती उपकरणांनाही विजेसारखाच पंधरा दिवसांच्या लेखी नोटिसीचा नियम लागू व्हायला हवा, ज्यात कारण लिहिलेलं असेल आणि उत्तर द्यायला एक माणूस नेमलेला असेल. खातं बंद झालं तरी वस्तूने घरातल्या घरात आपलं मूळ काम करत राहिलं पाहिजे. इंजिनिअर म्हणून सांगतो, हे अजिबात अवघड नाही. ‘मॅटर’ नावाचं मानक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. त्यात उपकरणं घरातल्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलतात. कंपन्यांना चावी आपल्या हातात ठेवायला आवडते म्हणून सगळ्या वस्तू तशा बनत नाहीत, एवढंच.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घेताना दुकानदाराला विचारा की इंटरनेट नसताना हे चालतं का. कुलपाला साधी चावी आहे का, दिव्याला भिंतीवर बटण आहे का, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड बसतं का? एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर कोणालाही न सांगता बंद पडले, तेव्हा ज्यांनी आपली उपकरणं स्वतःच्या घरातल्या संगणकावर जोडून घेतली होती त्यांचं काम चालू राहिलं. पुढे ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर पुन्हा चालू केले, पण प्रत्येक वेळी असं होत नसतं.

आणि कंपनीच्याही आधी आपल्याच गल्लीतला एक धागा तपासायला हवा. दुकानांत, सोसायट्यांत, मशिदी-मदरशांत कॅमेरे लावायला येणारा कारागीर अनेकदा घाईत आपलाच ईमेल किंवा मोबाइल नंबर टाकून खातं उघडतो. कमिटीच्या लोकांना फक्त पाहायची परवानगी मिळते, मालकी त्याच्याकडे राहते. मनात काही वाईट असतं असं नाही. तो नंबर कोणाचा हे कोणी विचारलेलंच नसतं. पण उद्या पैशावरून वाद झाला, किंवा तो गाव सोडून गेला, तर चित्रीकरण त्याच्या खात्यात अडकतं आणि आपल्याला पासवर्डही माहीत नसतो. कमिटीच्या पुढच्या बैठकीत हिशोबाच्या वहीबरोबर हाही विषय घ्या: खातं कोणाच्या नावावर आहे, पासवर्ड कोणत्या दोघांकडे आहे, आणि बिल कमिटीच्या नावाचं आहे की नाही. आयोगात गेल्यावर पहिला कागद हाच मागतात.