ओल आधी काढा, चुना मग मारा



पावसाळ्यात उसाच्या सरीत पाणी तुंबले की आम्ही चर काढावयास सांगतो, व आपण तो काढता. परंतु त्याच सभासदाच्या घरात पाहावे तर भिंत जमिनीपासून हात-दीड हात ओली, पोपडे सुटलेले, आणि धान्याच्या पोत्यांमागे काळी-हिरवी बुरशी. विचारले तर उत्तर ठरलेले : "दिवाळीला चुना मारायचाच आहे, साहेब. जाईल ती!"

आमचे स्पष्ट मत असे की, चुन्याने ती जात नाही, नुसती झाकली जाते. तापीकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते. उसाला ते चांगले, घराच्या पायाला नाही. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी भिंतीत चढते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते. म्हणून शेताप्रमाणे घराचाही आधी निचरा करावा. भिंतीलगतचे माती-शेणाचे ढीग हलवावेत, पागोळ्यांचे पाणी चर काढून दूर न्यावे, ऊन पडताच दारे-खिडक्या उघडाव्यात. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये, ती घरभर उडते. नाकातोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी. बेणेप्रक्रियेतून उरलेले बुरशीनाशक मात्र भिंतीवर किंवा धान्यावर मुळीच वापरू नये.

बुरशीने काय होतंय, असे साखर धंद्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. ओल्या साठलेल्या बगॅसला बुरशी येते व पुढे त्याची धूळ छातीत जाऊन फुप्फुसाचा विकार होतो. त्या विकाराला नावच 'बगॅसोसिस' असे आहे. घरातल्या बुरशीनेही दमेकऱ्यांचा व लहान मुलांचा खोकला बळावतो.

याहून मोठा धोका पोत्यात आहे. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यांत, मका हेच मुख्य अन्न असलेल्या आदिवासी गावांत, अवेळी पावसात भिजलेला मका घरोघर तसाच साठवला गेला. त्यावर बुरशी वाढली. तो खाऊन कावीळ व पोटात पाणी होऊन ३९७ माणसे आजारी पडली, त्यांतील १०६ दगावली. गावातली कुत्रीही मेली. बुरशीच्या त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. भाकरी भाजली, दाणे धुतले किंवा शिजवले, तरी ते पुरते जात नाही. आपल्या जिल्ह्यात मका घरोघर आहे, तेव्हा ही गोष्ट दूरची समजू नये.

आता खरे बोलायचे ते पुढेच आहे. काळा पडलेला मका आपण स्वतः खात नाही. पण टाकवतही नाही. मग तो गायी-बैलांपुढे जातो, नाहीतर सालदाराला मापून दिला जातो. गायीला घातलेले विष दुधातून आपल्याच लेकरांच्या पेल्यात येते. आणि जे आपल्या ताटात नको ते कामावरच्या माणसाच्या ताटात घालणे, हे सहकारी संस्थेच्या सभासदाला शोभत नाही. असे धान्य शेतात खोल पुरावे. नुकसान होते, हे आम्हांस कळते. पण काणी लागलेले बेट आपण उपटून जाळतोच ना? तिथे हात आखडत नाही, मग इथे का?

आमची सूचना एवढीच. प्रत्येक गावच्या सभासदांनी मिळून दोन-तीन मोठ्या ताडपत्र्या घ्याव्यात. भिजलेला मका ज्याचा असेल त्याने, मग तो सभासद असो वा सालदार, त्यावर वाळवावा. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत पोते भरू नये. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. वार्षिक सभेत उसाच्या भावावर तासन् तास चर्चा होते, ती व्हावीच. त्यातली दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी