हात ढिला सोडा

गेल्या महिन्यात या पानावर आम्ही मुलांच्या सुट्टीविषयी लिहिलं होतं. ते वाचून एका वाचक भगिनीने कळवलं, ‘दुसऱ्यांच्या मुलांसाठी सल्ले बरे देता, तुमच्या घरी काय चाललंय तेही सांगा.’ मागणी रास्त आहे. म्हणून या वेळी घरचीच हकीकत सांगतो. ती आहे रिमोटवर उडणाऱ्या एका छोट्या विमानाची. त्याला खेळणं म्हणायचं नाही, अशी आमच्या थोरल्याची सक्त ताकीद आहे. का, ते पुढे कळेल.

थोरल्याने बारावीनंतर मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. मार्क कमी पडले. आम्ही म्हणालो, ‘काही हरकत नाही, आणखी एक वर्ष.’ क्लास आम्ही शोधला, फी आम्ही भरली, वेळापत्रकही आम्हीच लिहून त्याच्या टेबलावर चिकटवलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. बोलणं मात्र कमी होत गेलं. जेवणाचं ताट घेऊन खोलीत जायचा. मुलांची अम्मी काही विचारायला गेली की ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळायचं.

अशात एक दिवस त्याने ईदीचे आणि साठवलेले पैसे आमच्यासमोर ठेवले आणि म्हणाला, ‘अब्बा, मला विमान घ्यायचंय. रिमोटचं.’ आम्ही नेहमीचंच बोललो, ‘हे वय आहे का खेळायचं?’ तो उठून गेला. पैसे तिथेच राहिले.

मध्ये पडले ते मुलांचे मामू. ते बरीच वर्षं कुवेतला गॅरेजमध्ये होते. सुट्टीच्या दिवशी तिथल्या मित्रांबरोबर वाळवंटात अशी विमानं उडवायचे. म्हणाले, ‘दुल्हेभाई, आठवड्यातून एक सकाळ द्या त्याला. मी शिकवतो.’ आम्ही दोन अटी घातल्या. अभ्यास सुटायचा नाही आणि मैदानावर आम्ही स्वतः हजर राहणार. खरं सांगायचं तर आम्ही पहाऱ्यासाठीच जाणार होतो.

विमान आलं. पांढऱ्या फोमचं, पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा मीटर, वजन बॅटरीसकट पाऊण किलोच्या आसपास. पंख धडाच्या वर बसवलेले आणि दोन्ही टोकांना थोडे वर उचललेले. मामूंनी समजावलं की शिकणाऱ्याचं विमान असंच असावं. धड पंखांच्या खाली लटकतं आणि पंखांची टोकं वर असतात, म्हणून एका बाजूला कललं तरी ते आपोआप सरळ व्हायला बघतं. लढाऊ विमानासारखं दिसणारं, आखूड पंखांचं, वेगवान मॉडेल दुकानात कितीही भुरळ घालो, पहिलं ते घेऊ नये. बॅटरी, चार्जर, रिमोट, सगळं मिळून आमचा खर्च बारा हजारांच्या आत बसला.

रिमोटवर दोन स्टिक असतात. आमच्या रिमोटवर डावीकडची स्टिक पुढे-मागे केली की मोटारचा वेग बदलतो. तीच आडवी हलवली की शेपटीचा उभा भाग, म्हणजे रडर, हलतो. उजवीकडची आडवी हलवली की पंखांवरच्या पट्ट्या हलतात आणि विमान कलतं. तिला मागे ओढलं की शेपटीचा आडवा भाग, म्हणजे एलिव्हेटर, हलतो आणि नाक वर येतं. पुढे ढकललं की नाक खाली जातं. एवढं पाच मिनिटांत कळतं. कळणं आणि जमणं यांत किती अंतर आहे, ते नंतर समजतं.

पहिला महिना विमान कपाटावरच राहिलं. मामूंनी संगणकावर सिम्युलेटर बसवून दिला. रिमोट खरा, विमान पडद्यावरचं. कितीही वेळा आपटलं तरी पैसा जात नाही. यात सगळ्यात आधी तरबेज झाली ती आमची धाकटी. तिने एक गुपित भावाला शिकवलं. विमान आपल्यापासून दूर जात असतं तेव्हा डावं ते डावंच असतं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं दिसतं. उजवीकडे जावं म्हणून स्टिक उजवीकडे ढकलली की विमान आपल्या डाव्या हाताला जातं. नवशिक्यांची बरीच विमानं इथेच पडतात. त्यावर उपाय सोपा आहे. विमान समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याला टेकू द्यायचा आहे असं समजून स्टिक त्या बाजूला ढकलायची. पंख वर येतो.

मग मैदानाची शोधाशोध झाली. विमानं उडवायची तर आधी नियम बघायला हवेत. देशात २०२१ पासून ड्रोनचे नवे नियम आहेत आणि सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर नकाशा आहे. लाल भागात उडवायला मनाई, पिवळ्या भागात परवानगी लागते, हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत उडवता येतं. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या गावापुरतं आणि आपल्या विमानाच्या वजनापुरतं स्वतः तपासून घ्यावं. वस्ती, विजेच्या तारा, रस्ता आणि गुरं यांपासून लांब अशी जागा आम्हाला मिरजेबाहेरच्या एका माळावर मिळाली. ज्यांची ती जागा, त्यांची रीतसर परवानगी घेतली. फजरनंतरचा तासभर उत्तम असतो. हवा संथ असते आणि ऊन डोळ्यांत येत नाही.

मामूंची शिस्त कडक होती. आधी रिमोट चालू करायचा, नंतरच विमानाला बॅटरी जोडायची. बंद करताना याच्या उलट. बॅटरी जोडली की पंख्यासमोर हात न्यायचा नाही. तो छोटासा प्लास्टिकचा पंखा बोट फाडू शकतो. विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून बघायचं. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर यायला हवा. शेपूट जड असेल तर विमान जमिनीवरून सोडायचंच नाही. उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे. आणि वर गेल्यावर आधी उंची कमवायची. दोन-तीन चुका पचतील एवढी उंची.

शिकवताना मामू दोन रिमोट एका वायरने जोडायचे. एक शिकणाऱ्याच्या हातात, दुसरा उस्तादाच्या. उस्तादाच्या रिमोटवर एक बटण असतं. ते दाबून धरलं की विमान शागिर्दाच्या ताब्यात. सोडलं की क्षणात उस्तादाच्या ताब्यात. पाच-सहा रविवारांत थोरला एकट्याने उडवून एकट्याने उतरवू लागला. पहिल्यांदा चाकं मातीला लागली तेव्हा तो हसला. किती महिन्यांनी, ते आम्ही मोजलं नाही, पण मुलांच्या अम्मीने मोजलं होतं.

मग मामू म्हणाले, ‘दुल्हेभाई, नुसते उभे का? या, तुम्हीही शिका.’ आमचं बालपण गच्चीवर पतंग उडवण्यात गेलेलं. आम्ही म्हणालो, ‘वायर-बियर नको, सरळ द्या.’ थोरल्याने मामूंकडे पाहिलं. मामूंनी खांदे उडवले.

विमान वर गेलं, वळलं आणि आमच्याकडे यायला लागलं. उजवा की डावा कुठलातरी पंख झुकला. आम्ही स्टिक उलट्या बाजूला ढकलली. नाक खाली गेलं. जीव घशात आला आणि आम्ही स्टिक पूर्ण मागे ओढली. विमान क्षणभर वर उठलं, जणू हवेत थबकलं आणि गिरकी घेत खाली आलं. आम्ही आणखी ओढत होतो. ते जमिनीवर आदळलं तेव्हाही ओढतच होतो.

पतंगाचा मांजा बोटाला सांगतो की वर काय चाललंय. इथे मांजा नाही, डोळ्यांवरच भिस्त. आणि पतंग ओढला की वर चढतो, विमान मात्र ओढत राहिलं की पडतं. नाक फार वर गेलं की पंखांवरून हवा नीट वाहत नाही, वेग मरतो, पंखांचा आधार जातो. अशा वेळी हात ढिला सोडायचा. नाक थोडं खाली जाऊ द्यायचं, वेग येऊ द्यायचा आणि मग अलगद सरळ करायचं. जमीन जवळ येताना दिसत असताना हे करणं फार अवघड जातं.

आमचा मुलगा काही बोलला नाही. माळावर फिरून एक-एक तुकडा वेचला. आपण असतो तर काय-काय बोललो असतो, या विचाराने आम्ही शरमलो.

आठवडाभर दुरुस्ती चालली. बांबूच्या कामट्या, फोमचा गोंद, टेप. आम्ही रात्री इशानंतर त्याच्या खोलीत जाऊन तुकडे धरून बसायचो. गोंद सुकेपर्यंत हलता येत नाही, मग बोलणं होतंच. त्याने आम्हाला मेनार्ड हिल नावाच्या अमेरिकन गृहस्थांबद्दल सांगितलं. त्यांच्या मॉडेल विमानाने ऑगस्ट २००३ मध्ये अटलांटिक महासागर ओलांडला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत, सुमारे तीन हजार किलोमीटर, जवळजवळ ३९ तास. विमानाचं वजन पाच किलोच्या आसपास. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांची नजर जवळपास गेलेली होती. आधीचे प्रयत्न फसले होते.

दादी पलंगावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी विचारलं, ‘दिसत नव्हतं, तर चालवलं कोणी?’

‘मधे कोणीच नाही, दादी. आत छोटं यंत्र होतं, ते रस्ता धरून होतं. उतरवायला पलीकडे त्यांचे साथीदार उभे होते.’

‘मग यांनी काय केलं?’

‘नीट बनवलं आणि सोडलं.’

दादी पुन्हा तसबीह ओढू लागल्या. त्याने पंखाची फट दाबून धरली आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, ‘अब्बा, तुम्ही घाबरलात की ओढता.’

तो विमानाबद्दलच बोलत होता. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी दोन रिमोट वायरने जोडले. या वेळी उस्तादाचा रिमोट थोरल्याकडे आणि शागिर्दाचा आमच्याकडे. तिसऱ्या फेरीत तेच झालं. पंख झुकला, नाक खाली गेलं, आमचं बोट मागे ओढायला लागलं. तो शांतपणे म्हणाला, ‘सोडा. बोट काढा.’ काढलं. स्टिक स्प्रिंगने मध्ये आली. विमान थोडं खाली गेलं, डुललं आणि स्वतःच सरळ झालं. उंची भरपूर होती. बटण त्याच्या हातात होतं, तो विमान ताब्यात घेऊ शकला असता. त्याने घेतलं नाही. उतरल्यावर आम्ही विचारलं, ‘का नाही घेतलंस?’ म्हणाला, ‘मी बघत होतो ना. अजून वेळ होता. प्रत्येक वेळी मीच घेतलं तर तुम्ही शिकणार कधी?’

परत येताना मोटारसायकलवर मागे बसून, आमच्या पाठीशीच तो बोलला. भरलेल्या फीची परीक्षा तो मनापासून देणार आहे. पण तिसरं वर्ष नको. त्याला डॉक्टर व्हायचं नाहीये, त्याला भौतिकशास्त्र शिकायचंय. हे सांगायला तो आठ महिने थांबला होता. आम्ही लगेच उत्तर दिलं नाही, कारण लगेच दिलं असतं तर ते आमचं जुनंच उत्तर असतं. चार दिवसांनी, मुलांच्या अम्मीशी बोलून, आम्ही हो म्हणालो. भीती गेलेली नाही. फीचे पैसे, नोकरी, लोक काय म्हणतील, सगळं आहेच. पण वेळापत्रकाचा कागद त्याने टेबलावरून काढला आणि स्वतःचा लावला, तो आम्ही काढला नाही.

ज्यांच्या घरी असा शौक शिरू पाहतोय, त्यांना एकच कळकळीची सूचना. या विमानांची लिथियम पॉलिमर बॅटरी जपून वापरा. ती फुगली, दबली किंवा जास्त चार्ज झाली तर पेट घेऊ शकते. तिचा खास चार्जरच वापरा, रात्री झोपताना किंवा घर बंद करून जाताना चार्जिंग लावू नका. आमच्याकडे ती स्वयंपाकघराच्या दगडी ओट्यावर चार्ज होते आणि पूर्ण होईपर्यंत कोणीतरी जवळ बसतं. बहुतेक वेळा दादी बसतात. फुगलेली बॅटरी त्यांनीच ओळखली आणि बाजूला काढायला लावली. नवा डोळा चांगलाच कामाला आला म्हणायचा.

आम्ही आता एकट्याने उडवतो. उतरवताना अजून जमत नाही, तेव्हा थोरला वायर जोडून शेजारी उभा राहतो. धाकटी म्हणते, अब्बांचा नंबर झाला की माझा. पुढच्या महिन्यात तिच्याविषयी लिहू. इन्शाअल्लाह.