बाळाचा कोपरा आणि भायखळ्याची हवा

३० डिसेंबर २०२४ रोजी मुंबई महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व येथील सगळी बांधकामे थांबवण्याचे जाहीर केले. हवेचा निर्देशांक सतत २००च्या वर जात होता. पुढे बंदी उठली आणि कामेही सुरू झाली. बाहेरच्या हवेसाठी निदान आदेश तरी निघतो. पण ज्या घरात पाळणा हलणार आहे, त्या घरातल्या हवेचे काय?

जाहिरातीत 'पर्यावरणपूरक नर्सरी' असते. आपल्याकडे चाळीत बाळाची खोली म्हणजे पलंगाशेजारचा कोपरा. त्यात कमीपणा काहीच नाही. पहिले सहा महिने बाळाने आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावे, असे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही सांगतात.

मला काळजी वाटते ती बाळ येणार म्हणून काढलेल्या रंगकामाची. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९०पेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुन्या दारा-खिडक्यांवर त्याआधीचे थर असतात. ते कोरडे घासले की शिशाची धूळ घरभर पसरते आणि रांगत्या बाळाच्या बोटांवाटे पोटात जाते. शिशाचे सुरक्षित प्रमाण असे नसतेच; ते मेंदूच्या वाढीवर घाव घालते. म्हणून घट्ट बसलेला रंग तसाच राहू द्या. पोपडे निघत असतील तर ते ओले करूनच काढा आणि त्या दिवसांत गर्भवतीला दुसरीकडे ठेवा. नवा रंग द्यायचाच असेल तर तो बाळंतपणाच्या बराच आधी.

आता आजीबाईंचा राग पत्करून लिहितो. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग टाकून बाळाला दिलेली धुरी बंद करा. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेते. धूर त्याच्या फुप्फुसात आपल्यापेक्षा भरभर जातो. दारे लावून शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका आई आणि बाळ दोघांनाही. डासांची कॉइलही तशीच. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचे दिसले. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा.

बारशाला येणारी केसाळ अस्वले कपाटावर ठेवा, त्यांत धूळ साठते. मोहरीची उशीही नको. बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणे झोपवा. आजूबाजूला उशी, लोड, सैल गोधडी काही नसावे. जुन्या सुती लुगड्याची दुपटी मात्र उत्तम, धुऊन उन्हात वाळवलेली. (आजीबाईंचे एवढे तरी ऐकलेच पाहिजे.)

राहिली खिडकी. समोर काम चालू असेल तेवढा वेळ ती बंद ठेवा, काम थांबले की उघडा. घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. बांधकामाभोवती पत्रे आणि हिरवे कापड लावणे, पाणी फवारणे हे महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तसे दिसत नसेल तर फोटो काढून ई विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.