खेपेवर की महिन्यावर?

यंदा दिवाळीच्या टपालात शुभेच्छांच्या गठ्ठ्यातून एक वेगळेच पाकीट निघाले. लिहिणारा सोलापूर जिल्ह्यातला, वय बावीस. लिहितो, "काका, अवजड गाडीचे लायसन हातात पडले. डंपरवर दोन जागा आहेत. एक मालक खेपेवर घेतो, दुसरा महिन्यावर. खेपेवर दीडपट पैसे सुटतील म्हणतात. घरी कर्ज आहे, धाकटीचे लग्न आहे. कोणती धरू?"

वाचकहो, आधी या पोराची पाठ थोपटली पाहिजे. हे लायसन सहज मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या गाडीचे लायसन वर्षभर तरी जुने हवे. त्याशिवाय अवजड मालगाडीचा शिकाऊ परवानाही हाती पडत नाही. आठवी पास असण्याची जुनी अट मात्र २०१९ साली गेली. ज्याची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यालाही ही वाट मोकळी झाली.

पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. म्हणून जवळच्या खडीच्या क्रशरवर गेलो. तिथे एक जुने ड्रायव्हर चहा पीत बसले होते. पोरे त्यांना मामा म्हणतात. त्यांना पत्र वाचून दाखवले.

"उमेदीत मीही खेपेवरच होतो, साहेब," मामा म्हणाले. "एका दिवशी नऊ खेपा झाल्या. दहावी अंधाराच्या आत मारायची होती. मुरूम ओतला आणि हौदा पुरता खाली बसायच्या आधीच गाडी काढली. वर विजेची तार होती."

मामांनी कप खाली ठेवला.

"क्लीनर पोरगा घाबरून उतरायला निघाला. मी त्याचा दंड घट्ट धरला. लाइन बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत दोघे केबिनमध्ये बसून राहिलो. त्याचा एक पाय जमिनीला आणि हात दाराला लागला असता, तर वीज त्याच्या अंगातूनच गेली असती. तार तिथे रोज होती, साहेब. त्या दिवशी दिसली नाही, ती दहाव्या खेपेपायी."

खेपेचा खरा हिशेब हा असा आहे. पैसे वाढतात ते घाईचे. घाईत माणूस उतरत्या जमिनीवर हौदा उचलतो आणि गाडी कलंडते. मागे कोणी उभे न करता गाडी मागे घेतो. झोप मोडतो. हौदा शीग लावून भरतो. जादा भाराचा दंड २०१९ पासून २०,००० रुपये, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. आणि कायदा चालवणाऱ्यालाही सोडत नाही. वाळू-मुरमाची पावती नसली तर महसूल खाते गाडी अडकवते, आणि त्या वेळी जागेवर सापडतो तो ड्रायव्हर, मालक नव्हे. मोटार वाहतुकीतल्या कामगाराचा दिवस आठ तासांचा असावा, हे १९६१ सालीच कायद्याने ठरले होते. खेपा मोजणारा माणूस घड्याळ बघत नाही.

तेव्हा बाळा, महिन्याची जागा धर. मात्र धरताना भीड न ठेवता चार गोष्टी विचार: पगार कोणत्या तारखेला? तास किती? दंड झाला तर भरायचा कोणी? गाडीचा विमा आणि फिटनेसचा दाखला चालू आहे ना? खऱ्या मालकाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येईल, त्याच्या गाडीवर चढू नकोस.

आणि नाइलाजाने खेपेवर जावेच लागले, तर एवढे एक पाळ. हौदा खाली बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि ओतण्याआधी दर वेळी वर बघायचे; दहाव्या खेपेलासुद्धा.

कर्ज वर्षभर उशिरा फिटेल. धाकटीच्या लग्नात मात्र मांडवात भाऊ उभा हवा.