ठावठिकाणा कळवणारा रेडिओ

डोंगरावर गेलेला मुलगा वेळेवर घरी आला नाही, तर घरची माणसे सर्वांत आधी काय विचारतात? "तो कुठे आहे?" हाच पहिला प्रश्न असतो. "तो कसा आहे?" हा प्रश्न त्यानंतर येतो. माणूस कुठे आहे हे कळले, तर मदत त्याच्यापर्यंत जाऊ शकते. हे कळलेच नाही, तर शंभर माणसे धावली तरी ती चुकीच्या दिशेने धावतात.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हा प्रश्न नेहमी पडतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई आपल्याच अकोले तालुक्याच्या सीमेवर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. त्याच तालुक्यात हरिश्चंद्रगड आहे, कोकणकडा आहे, सांदण दरी आहे. पावसाळ्यात तेथे दाट धुके पडते आणि दहा पावलांवरचे दिसत नाही. खोल दरीत मोबाइल फोनची रेंज जाते. भंडारदऱ्याच्या डोंगरांत मुसळधार पाऊस पडला, की प्रवरा नदी फुगते आणि खालच्या गावांना धोका होतो. मढीच्या किंवा मोहटादेवीच्या यात्रेत हजारो माणसे जमतात आणि त्यांत लहान मुले व म्हातारी माणसे चुकतात. या सर्व प्रसंगी एकच गोष्ट हवी असते. कोण कुठे आहे, हे लवकर व बिनचूक कळले पाहिजे.

या कामासाठी एक साधन आहे. ते जुने आहे, साधे आहे आणि तुमच्या वयाच्या मुलांना शिकता येईल असे आहे. त्याचे नाव पॅकेट रेडिओ. माझे मत असे आहे, की आपल्या जिल्ह्यातील शाळांनी, आणि त्यांत आपल्या उर्दू शाळांनीही, हा विषय मनावर घ्यावा. असे मी का म्हणतो, ते आता सांगतो.

हौस म्हणून, पैसे न मिळवता, सरकारी परवाना घेऊन जे लोक रेडिओवरून एकमेकांशी बोलतात त्यांना हौशी रेडिओचालक किंवा 'हॅम' म्हणतात. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. 'व्हीयू२आरजी' हे त्यांचे रेडिओवरचे नाव होते. प्रत्येक हॅमला असे एक वेगळे नाव मिळते. त्याला कॉलसाइन म्हणतात. जगात तसे दुसरे नाव नसते.

हौस म्हटले, की हा रिकाम्या वेळेचा खेळ आहे असे काहींना वाटेल. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. त्या वेळी तुमचा जन्म झाला नव्हता, पण घरातील मोठ्या माणसांना विचारा. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. गावेच्या गावे मातीत मिळाली आणि हजारो माणसे दगावली. त्या संकटात हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले. पुढे २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. तेव्हा अंदमानात असलेल्या हॅम मंडळींनी तेथील खबर मुख्य भूमीपर्यंत पोहोचवली. पश्चिम बंगालमध्ये गंगासागरच्या यात्रेत चुकलेल्या माणसांना घरच्यांशी भेटवण्याचे काम तेथील हॅम मंडळी करत आली आहेत.

आता पॅकेट रेडिओ म्हणजे काय ते पाहू. साध्या रेडिओवर आपण आवाजाने बोलतो. आवाज अस्पष्ट आला, तर ऐकणारा 'सात' ऐवजी 'साठ' ऐकतो. पॅकेट रेडिओत आवाजाऐवजी अक्षरे व अंक पाठवतात. एक छोटे यंत्र अक्षरांचे रूपांतर दोन सुरांत करते. एक सूर १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा असतो. कानाला फक्त 'चर्र' असा आवाज येतो, पण त्या आवाजात सेकंदाला १२०० बिट या वेगाने मजकूर जात असतो. मजकुराचे लहान पाकीट करून पाठवतात, म्हणून त्याला पॅकेट म्हणतात. टपालाच्या पाकिटावर जसा पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो, तसाच यातही असतो. पाकिटाच्या शेवटी एक पडताळणीचा अंक असतो. वाटेत एखादे अक्षर बिघडले, तर हा अंक जुळत नाही आणि घेणारे यंत्र ते पाकीट टाकून देते. म्हणजे चुकीचा निरोप सहसा पोहोचत नाही. आणीबाणीच्या वेळी ही गोष्ट फार महत्त्वाची असते.

कॅनडातील माँट्रियल येथील हौशी रेडिओचालकांनी १९७८ मध्ये असे पॅकेट पाठवून दाखवले. अमेरिकेतील अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी त्यात पुढची भर घातली. त्यांनी १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत कोणता घोडा कुठे आहे, हे एका लहानशा घरगुती संगणकाच्या मदतीने कळवण्याची सोय केली. त्यातूनच पुढे 'ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम' ही पद्धत तयार झाली. तिला थोडक्यात 'एपीआरएस' म्हणतात. ब्रुनिंगा यांचे २०२२ मध्ये निधन झाले, पण त्यांची पद्धत जगभर वापरली जाते.

या पद्धतीत रेडिओला जीपीएस जोडलेले असते. जीपीएस उपग्रहांकडून आलेल्या लहरींवरून आपले अक्षांश व रेखांश काढते. भूगोलाच्या तासाला तुम्ही ते शिकलाच आहात. आपले शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश ४५ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. रेडिओ हे आकडे, कॉलसाइन आणि एक छोटे चिन्ह पाकिटात घालून पाठवतो. चालणारा माणूस, मोटार, रुग्णवाहिका, पर्जन्यमापक यांना वेगवेगळी चिन्हे असतात. ऐकणाऱ्याच्या पडद्यावर नकाशा असतो आणि त्यावर ते चिन्ह उमटते. बोलावे लागत नाही, विचारावे लागत नाही. पाठवणारा थकलेला असला, तरी त्याचे यंत्र त्याचा ठावठिकाणा कळवत राहते.

आता तुम्ही विचाराल, की डोंगरात फोनची रेंज जाते, तर रेडिओची लहर कशी जाईल? प्रश्न योग्य आहे. ही लहरही डोंगर भेदून जात नाही. साधारणपणे जिथून नजर पोहोचते, तिथून ही लहर पोहोचते. आपल्या शहराजवळच्या शाह डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. तिथे उभे राहिले, की दूरवरचा मुलूख दिसतो. खाली शहरात उभे राहिले, तर समोरची भिंतच दिसते. रेडिओचेही तसेच आहे. म्हणून उंच जागी एक मधले केंद्र ठेवतात. ते पाकीट ऐकते आणि तेच पाकीट पुन्हा पाठवते. त्याला डिजिपीटर म्हणतात. असे केंद्र कळसूबाईसारख्या उंचीवर असले, तर सुमारे शंभर किलोमीटरपर्यंतचा मोकळा मुलूख त्याच्या टप्प्यात येतो. अर्थात, संरक्षित वास्तूवर किंवा देवस्थानावर परवानगीशिवाय काही बसवता येत नाही, हे लक्षात ठेवा. पण एखाद्या शोधपथकाने खांद्यावरच्या पिशवीत बॅटरी व छोटा रेडिओ घेऊन डोंगराच्या धारेवर एक माणूस बसवला, तरी दरीतला निरोप पलीकडच्या गावात पोहोचू शकतो. मोबाइलचा टॉवर असा उचलून नेता येत नाही.

निरोप पुन्हा पाठवणारी केंद्रे आकाशातही आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर असे यंत्र बसवले आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी आपल्या श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटने इंडोनेशियाचा एक छोटा उपग्रह सोडला. त्यातही हौशी रेडिओचालकांसाठी हीच सोय केली होती.

ठावठिकाण्याबरोबर निरोपही पाठवता येतो. पण एका निरोपात जास्तीत जास्त ६७ अक्षरे बसतात. ती सहसा रोमन लिपीत लिहितात. आपण घरी ज्याला 'पैगाम' म्हणतो, तो ६७ अक्षरांत लिहून पाहा! "आम्ही काल सकाळी घरून निघालो, वाटेत पाऊस लागला, मग आमच्यातील एकजण घसरला," असे लिहिले, तर मुख्य गोष्ट येण्याआधीच जागा संपते. त्याऐवजी "एकाचा पाय मोडला. पाचनईची वाट. स्ट्रेचर पाठवा." एवढे पुरे आहे. पूर्वी मराठीच्या तासाला तार लिहायला शिकवत. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली, पण थोड्या शब्दांत नेमके सांगण्याची गरज संपली नाही. भाषा शिकणाऱ्या मुलांना यापेक्षा चांगला सराव कोणता? आणि निरोप मिळाला, की घेणाऱ्याचे यंत्र आपोआप पोच देते. पोच आली नाही, तर पाठवणारे यंत्र तोच निरोप पुन्हा पाठवते.

काही जण म्हणतील, "सर, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. हे जुने साधन कशाला?" मोबाइल चांगलाच आहे. संकटात ११२ क्रमांकावर फोन लागत असेल, तर आधी तोच लावावा. रेडिओ हा पोलिसांना किंवा डॉक्टरांना पर्याय नाही. पण मोबाइलला टॉवर लागतो आणि टॉवरला वीज लागते. पूर किंवा वादळ आले, की वीज जाते. टॉवर चालू राहिला, तरी एकाच वेळी हजारो लोक फोन लावतात आणि कोणाचाच लागत नाही. दोन रेडिओंना मधे कोणाचीही गरज नसते. शिवाय फोन एकाचा एकाला लागतो. पॅकेट मात्र टप्प्यातील सर्वांना एकदम कळते. विहिरीला पाणी असले, तरी शहाणा शेतकरी घरात एक हंडा भरून ठेवतो. पॅकेट रेडिओ हा तसा हंडा आहे.

मग सुरुवात कशी करायची? बहुतेक मुले सुरुवात यंत्रापासून करू पाहतात. हातात मावणारे रेडिओ बाजारात सहज दिसतात. पण यंत्र विकत घेण्याची घाई करू नका. आपल्या देशात परवान्याशिवाय रेडिओवरून संदेश पाठवणे हा गुन्हा आहे. म्हणून पहिली पायरी परीक्षेची आहे. केंद्र सरकारच्या संचार मंत्रालयाकडून ही परीक्षा घेतली जाते. तीत रेडिओचे शास्त्र आणि रेडिओचे नियम असे दोन भाग असतात. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते. विद्युतप्रवाह, रोध, लहर, वारंवारता हे शब्द तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेतच. उर्दूत शिकलेला ओहमचा नियम आणि मराठीत किंवा इंग्रजीत शिकलेला ओहमचा नियम एकच असतो. हा विषय मोठ्या शहरातील मुलांचा आहे, हा समज मनातून काढून टाका. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी शिक्षकांच्या मदतीने नवे नियम वाचून घ्या. परवान्यात कोणत्या लहरी वापरता येतात, तेही नीट पाहा.

दुसरी पायरी ऐकण्याची. परवाना असलेल्या जाणत्या माणसाशेजारी बसून पाकिटे कशी येतात ते ऐका, पडद्यावर पाहा. तिसरी पायरी यंत्रांची. एक रेडिओ, एक चांगली अँटेना आणि रेडिओला जोडलेला संगणक किंवा फोन एवढ्यावर काम सुरू होते. सुरांची अक्षरे करणारे प्रोग्रॅम संगणकासाठी मोफत मिळतात. चौथी पायरी सरावाची. शाळेच्या मैदानातून निघून ठरलेल्या वाटेने चालत जावे, आणि वर्गातील मुलांनी नकाशावर वाट आखावी. चिन्ह कुठे दिसेनासे झाले आणि का, याचा विचार करावा. भूगोल व विज्ञान हे दोन्ही विषय तिथे एकत्र भेटतील.

या साधनाबरोबर एक शिस्तही येते. सर्वांचे रेडिओ एकाच लहरीवर असतात. वर्गात सगळे एकदम बोलले, तर कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून आधी ऐकावे, लहर मोकळी असेल तर पाठवावे, आणि उगाच वारंवार पाठवू नये. एका जागी स्थिर असलेल्या केंद्राने दर मिनिटाला ठावठिकाणा सांगण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट, येथे काहीही गुप्त नसते. गुप्त भाषा वापरायला आणि धंद्याचे निरोप पाठवायला मनाई आहे. तुमचा ठावठिकाणा कोणीही पाहू शकतो. म्हणून आईवडिलांच्या परवानगीशिवाय, विशेषतः घराजवळ, तो पाठवू नका. जे सर्वांसमोर बोलता येत नाही, ते रेडिओवरही बोलू नये.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यातील निदान एका शाळेत रेडिओ मंडळ असावे. त्यात एक शिक्षक आणि चार-पाच विद्यार्थी परवानाधारक असावेत. वर्षातून दोनदा त्यांनी तालुक्याचा नकाशा घेऊन कुठून कुठे पाकीट पोहोचते, कोणत्या वाडीतून पोहोचत नाही, याची नोंद करावी आणि ती नोंद तहसील कार्यालयाला द्यावी. संकट आल्यावर यंत्र शिकायला वेळ नसतो. पोहायला शिकायचे, तर ते पूर येण्याआधी शिकावे लागते. अकोल्याच्या दरीत अडकलेल्या माणसाला आपण उर्दूत शिकलो की मराठीत, याच्याशी काही घेणे नसते. आपली हाक कोणीतरी ऐकली, एवढेच त्याला हवे असते. ती हाक ऐकणाऱ्यांत तुमचेही कॉलसाइन असावे, असे मला वाटते.